लाखेरी 1793: घोडदळ समोरून गेलं तेव्हा

(नेरूळमधल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं रेकॉर्डिंग आपण मागच्या आठवड्यात पॉडकास्टवर टाकलं होतं. बऱ्याच जणांनी लेखी मजकूर मागितला, म्हणून हा. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी बोललं तसंच ठेवलं आहे.)

आवाज मागेपर्यंत येतोय ना? पंखा जरा कमी करा कोणीतरी, माइकमध्ये घरघर येतेय. हां, आता ठीक.

सुरुवात एका रीलपासून करतो. तुमच्यापैकी निम्म्यांनी ती बघितली असणार, कारण मला ती चार वेगवेगळ्या ग्रुपवर आली. मावळतीचा सूर्य, स्लो मोशनमध्ये धावणारे घोडे, भगवं निशाण, ढोल, आणि समोर तोफा. घोडेस्वार थेट त्या तोफांवर जातात आणि रील तिथेच संपते. पुढे काय झालं ते कुणीच दाखवत नाही. आज मी तुम्हाला ते पुढचं सांगणार आहे. आणि सुरुवातीलाच सांगून ठेवतो, या गोष्टीत समोरच्या बाजूला ना मुघल आहेत, ना इंग्रज. दोन्ही बाजूंना आपलेच लोक आहेत.

तुम्ही कधी पनवेलहून किंवा वसईवरून दिल्लीकडे रेल्वेने गेलात, तर कोटा सोडल्यावर, सवाई माधोपूर यायच्या आधी, एक छोटं स्टेशन लागतं, लाखेरी. राजस्थानातला बुंदी जिल्हा. तिथे शंभर वर्षांहून जुना सिमेंटचा कारखाना आहे, डोंगररांगा आहेत, झाडी आहे. बहुतेक मोठ्या गाड्या थांबत नाहीत. खिडकीतून बघणाऱ्याला वाटणारही नाही, की मराठ्यांनी मराठ्यांशी केलेल्या सगळ्यात कडव्या लढायांपैकी एक इथे झाली. आजचे इतिहासकार तारीख देतात 1 जून 1793. जुन्या इंग्रजी पुस्तकांत सप्टेंबर 1793 सापडेल, तेव्हा कुठे वेगळं वाचलंत तर गोंधळू नका.

एका बाजूला शिंदे, दुसऱ्या बाजूला होळकर.

आता भांडण कशाचं? थोडक्यात सांगतो, कारण ते भांडण आपल्याला नवीन नाही. महादजी शिंद्यांनी उत्तरेत दिल्लीपर्यंत जम बसवला होता. बादशहा त्यांच्या हातात, राजपूत राजांकडून खंडणी त्यांच्या हातात. 1788 च्या सुमारास पुण्याहून नाना फडणविसांनी तुकोजी होळकरांना उत्तरेत पाठवलं. वरकरणी मदतीला, आणि खरं म्हणजे लक्ष ठेवायलाही. मग वाटणीचा प्रश्न आला. कुठला परगणा कुणाचा, कुठल्या राजाकडून वसुली कुणी करायची. दोघेही पेशव्यांचे सरदार, दोघांचंही म्हणणं असं की निम्मं माझं. दोन भावांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

1792 मध्ये महादजी स्वतः पुण्यात आले. उत्तरेत त्यांची फौज राहिली गोपाळराव भाऊ आणि लखबादादा यांच्याकडे, आणि तिच्यासोबत होता एक परदेशी, बेनुआ डी बॉयन. हा फ्रान्स आणि इटलीच्या मधल्या सव्हॉय प्रांतातला, शांबेरी गावचा माणूस. महादजींच्या नोकरीत त्याने 1784-85 च्या सुमारास पहिल्या दोन पलटणी उभ्या केल्या. पुढे त्यांचे कंपू झाले. कंपू म्हणजे पलटणींचा मोठा जथा, सोबत स्वतःच्या तोफा, स्वतःचे गाडे, महिन्याच्या महिन्याला पगार. पगार वेळेवर, ही गोष्ट लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे.

होळकरांकडे होतं घोडदळ. भरपूर. आकडे पुस्तकागणिक बदलतात, पण 25 ते 30 हजार घोडा असं साधारण धरतात. कवायती पायदळ मात्र थोडं, दुद्रनेक नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या चार पलटणी, आणि 38 तोफा. शिंद्यांकडेही घोडदळ होतंच, 20 हजाराच्या आसपास सांगतात, पण मुख्य जोर डी बॉयनच्या सुमारे 9 हजार कवायती शिपायांवर आणि त्यांच्या तोफखान्यावर.

तुकोजी तोवर म्हातारे झाले होते. त्यांचा मुलगा मल्हारराव मात्र तरुण, तापट. आता लढून सोक्षमोक्ष लावू, असा हट्ट त्यानेच धरला असं सांगतात. आदल्या वर्षी शिंद्यांच्या फौजेने होळकरांच्या छावणीवर अचानक झडप घातली होती, त्याची सल होतीच.

आता जागा डोळ्यांपुढे आणा. डोंगरातली एक खिंड. दोन्ही बाजूंना टेकड्या, त्यांच्यावर झाडी. समोर दलदल असल्याचं वर्णन मिळतं. होळकरांनी ही जागा निवडली होती आणि जागा वाईट नव्हती. शिंद्यांच्या फौजेला अरुंद वाटेतून पुढे यावं लागणार, ती पुढे आली की तोफांनी भाजून काढायची, विस्कळीत झाली की घोडदळ सोडायचं. कागदावर चोख बेत.

डी बॉयनच्या पलटणी पुढे आल्या. तोफा सुरू झाल्या. आणि मग होळकरांना हवं होतं ते घडलं. शिंद्यांच्या बाजूच्या एका दारूगोळ्याच्या गाड्याला गोळा लागला. तो उडाला, त्याच्या शेजारचा उडाला, असे बारा गाडे एकापाठोपाठ एक फुटले. विचार करा, अरुंद जागेत, माणसांच्या गर्दीत बारा गाडे. धूर, आरडाओरडा, जळणारी माणसं. घोडदळाचा कुठलाही सरदार असता तरी त्याने हेच केलं असतं जे होळकरांनी केलं. घोडा सोडला. समोरून, थेट.

आणि तो हल्ला फसला.

का फसला? व्याख्यानाची जाहिरात वाचून एका मुलीने मला मेसेज केला होता. म्हणाली, सर, घोडदळ तर मराठ्यांचा स्ट्राँग पॉइंट ना? मग घोडदळवाले हरले कसे? ती आज बहुतेक इथेच आहे. प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि माझं आजचं सगळं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पहिली गोष्ट जागेची. हजारो घोडे ही कल्पना ऐकायला भारी वाटते. पण खिंडीच्या तोंडाशी एका वेळी मावतात किती? सकाळी साडेआठला ठाणे स्टेशनच्या पुलावर उभे राहा. प्लॅटफॉर्मवर पाच हजार माणसं असतील, पण जिन्यावरून एका वेळी सहा जणच चढतात. मागच्या गर्दीचा पुढच्याला उपयोग शून्य, उलट धक्का बसतो. लाखेरीत होळकरांच्या घोडदळाचं तेच झालं. झाडी, उंचसखल जमीन, अरुंद तोंड. निघाले तेव्हा तो लोंढा होता, पोहोचेपर्यंत त्याचे तुकडे झाले. एकसंध धडक बसलीच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे साधं गणित. भरधाव घोडा मिनिटाला चारशे मीटरच्या आसपास जातो. म्हणजे तोफांच्या छर्ऱ्यांच्या टप्प्यात आल्यापासून पायदळाला भिडेपर्यंत साधारण पाऊण ते एक मिनिट. तेवढ्यात चांगला तोफखाना दोनदा छर्रे सोडतो. छर्रे म्हणजे डब्यात भरलेल्या गोळ्या, तोंडातून निघाल्या की पंख्यासारख्या पसरतात. त्यानंतर शेवटच्या शंभर पावलांत बंदुकांची फैर. त्या काळच्या बंदुकीने दूरचा नेम लागत नसे, पण समोर घोड्यांची भिंत असेल तर नेम लागतोच कशाला?

आता तुम्ही म्हणाल, एक मिनिटात सगळे घोडे थोडेच मरतात? नाही मरत. मरायची गरजही नसते. पुढच्या रांगेतले पडतात, आणि साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर पळता पळता पडलं की मागच्यांसाठी तो बांध होतो. मागचे अडखळतात, वळतात, एकमेकांवर आदळतात. त्यातून जे सुटतात, त्यांच्यासमोर येते संगिनींची रांग. इथे रीलवाल्यांना माझं सांगणं आहे. घोडा हे शहाणं जनावर आहे. माणूस पेटला म्हणून घोडा टोकदार लोखंडाच्या भिंतीवर उडी घेत नाही. तो शेवटच्या क्षणी मान फिरवतो. पायदळ घाबरून फुटलं तर घोडा त्या फटीत शिरतो आणि मग कत्तल होते. पायदळ फुटलं नाही, तर घोडदळाकडे दुसरा उपाय नसतो. सगळा खेळ त्या एका प्रश्नावर येतो, समोरचा शिपाई जागेवर उभा राहतो की पळतो.

लाखेरीत तो उभा राहिला. बारा गाडे फुटल्यानंतरही. डी बॉयनने नंतर सांगितलं की त्याने पाहिलेल्या लढायांत इतकी चिवट लढाई दुसरी नव्हती. या माणसाने राजपुतान्यात राठोडांचे घोडदळाचे हल्ले झेललेले होते, तेव्हा हे तो उगाच म्हणत नसणार. शिपाई का उभा राहिला? शिस्त, कवायत, हे तर आहेच. पण मघाशी म्हटलं ते पगाराचंही आहे. ज्याला पहिल्या तारखेला पैसे मिळतात, तो पलटणीवर विश्वास ठेवतो. यात रोमँटिक काही नाही, पण मला हे खरं कारण वाटतं.

आणि आता तिसरी गोष्ट. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. घोडा कुणाचा?

मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार. एक बारगीर, ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. दुसरा शिलेदार, जो स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन नोकरीला यायचा. शिलेदाराला पगार जास्त, मान जास्त. अठराव्या शतकाच्या शेवटी मोठ्या फौजा या शिलेदारांवरच चालत. आता तुमच्या सोसायटीत जेवण घेऊन येणारा जो डिलिव्हरीवाला मुलगा असतो ना, स्वतःची बाईक, स्वतःचं पेट्रोल, तो म्हणजे शिलेदार. बाईक आहे तोवर कमाई. पावसात सानपाड्याच्या पुलाखाली बाईक घसरून मोडली, तर कंपनी नवीन देत नाही. हप्ते मात्र चालू राहतात.

शिलेदाराचं हेच. घोडा मेला तर तो दुसऱ्या दिवशी शिलेदार राहत नाही. बारगीर व्हायचं, नाहीतर पायी घरी जायचं. भरपाई मिळेलच याची खात्री नाही. घोडा घेण्यासाठी घरच्यांनी जमीन गहाण टाकलेली असू शकते. अशा माणसाला तुम्ही सांगताय, समोर भरलेल्या तोफा आहेत, जा. तो भित्रा नाही. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर दौड मारून शत्रूची रसद तोडायला तो एका पायावर तयार आहे. मागे पडलेल्या बुणग्यांवर छापा घालायला, पळणाऱ्याचा पाठलाग करायला तयार आहे. त्या कामात त्याचा घोडा वाचतो आणि लूटही मिळते. मराठ्यांचं घोडदळ दीडशे वर्षं याच कामासाठी घडलं होतं. शत्रूला उपाशी मारायचं, दमवायचं, समोरासमोर यायचंच नाही. औरंगजेबाची अवाढव्य फौज दख्खनमध्ये पंचवीस वर्षं याच पद्धतीने झिजवली.

मग लाखेरीत त्याच घोडदळाला भिंतीवर डोकं आपटायला कुणी लावलं? इथे आपसातल्या युद्धाचा मुद्दा येतो. परक्या फौजेची रसद तोडता येते, कारण ती परक्या मुलखात असते. पण समोर शिंदे आहेत. त्यांनाही तोच मुलूख माहीत, त्यांनाही तेच डावपेच माहीत, त्यांच्याकडेही तसंच घोडदळ. गनिमी कावा कुणावर करणार, ज्याच्या आजोबांनी तुमच्या आजोबांबरोबर तो शिकला त्याच्यावर? जुना डाव दोघांनाही येत असेल तर तो रद्दच होतो. मग उरते ती समोरासमोरची धडक, आणि त्या खेळात ज्याच्याकडे चांगलं पायदळ तो जिंकतो. हे माझं मत आहे. तुम्हाला पटलं नाही तर प्रश्नोत्तरात भांडा.

पुढे काय झालं ते पटकन सांगतो. होळकरांचा हल्ला विस्कटला, तेव्हा शिंद्यांनी आपलं घोडदळ सोडलं. म्हणजे बघा, जिंकणाऱ्या बाजूलाही घोडदळ होतंच, पण ते आधी नाही, नंतर आलं. समोरचा मोडल्यावर. ते घोडदळाचं खरं काम. होळकरांचे स्वार मैदान सोडून गेले. आणि मागे राहिल्या दुद्रनेकच्या चार पलटणी. पायी माणसं पळून पळून किती पळणार? त्या जवळजवळ पूर्ण कापल्या गेल्या. त्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी बहुतेक मेले किंवा जखमी झाले. 38 तोफा शिंद्यांच्या हातात गेल्या. मला लाखेरीचं वाचताना दरवेळी याच जागी थांबायला होतं. घोडेस्वारांना पळायला चार पाय होते. ज्यांना नव्हते, ते मेले, आणि त्यांची नावंसुद्धा कुठे लिहिलेली नाहीत.

तुकोजी माळव्याकडे माघारी फिरले आणि वाटेत काय केलं? उज्जैन लुटलं. शिंद्यांची राजधानी. म्हणजे महाकाळाचं उज्जैन, मराठ्यांच्याच राज्यातलं, मराठ्यांच्याच फौजेने. त्या वेळी महेश्वरात अहिल्याबाई हयात होत्या. त्यांना काय वाटलं असेल याचा विचार करून बघा.

[इथे एका मुलाने मध्येच प्रश्न विचारला: ‘पण सर, हे फक्त आपल्याकडेच झालं का?’]

नाही रे, अजिबात नाही. चांगलं विचारलंस. जगभर झालं. अमेरिकेतल्या यादवीत गेटिसबर्गची लढाई आहे, जुलै 1863. 3 जुलैला, मुख्य लढाई संपत आलेली असताना, उत्तरेकडच्या बाजूच्या किलपॅट्रिक नावाच्या सेनापतीने फार्न्सवर्थ या आपल्या अधिकाऱ्याला हुकूम दिला की समोरच्या पायदळावर घोडे घाल. समोर दगडी कुंपणं, मोठमोठे धोंडे, झाडी. फार्न्सवर्थने विरोध केला. काही दिवसांपूर्वीच त्याला बढती मिळाली होती. शेवटी गेला, सोबत सुमारे 300 स्वार. तो स्वतः मेला, हल्ला वाया गेला. लाखेरीनंतर सत्तर वर्षांनी, दुसऱ्या खंडात, तीच चूक, तशाच जमिनीवर. फरक एवढाच, की तोपर्यंत बंदुका आणखी लांब मारायला लागल्या होत्या.

पण आता एक अडचणीची गोष्ट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल मी सोयीचं तेवढंच सांगतोय. एकदा हाच होळकरी घोडा समोरून गेला आणि जिंकला. कुठे? हडपसरला. आज जिथे आयटीवाले ट्रॅफिकमध्ये अडकतात तिथे. 25 ऑक्टोबर 1802, दिवाळीचे दिवस.

मधल्या नऊ वर्षांत बरंच पाणी वाहून गेलं होतं. फेब्रुवारी 1794 मध्ये महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. 1795 मध्ये खर्ड्याला शिंदे-होळकर निजामाविरुद्ध एकत्र लढले, ते शेवटचंच. मग नवे लोक आले, दौलतराव शिंदे, दुसरा बाजीराव. लाखेरीत लढाईचा हट्ट धरणारा तो मल्हारराव 1797 मध्ये पुण्यात शिंद्यांच्या फौजेकडून मारला गेला. त्याचा भाऊ विठोजी 1801 मध्ये बाजीरावाच्या हुकमाने हत्तीच्या पायाशी देण्यात आला. आणि दुसरा भाऊ यशवंतराव फौज घेऊन पुण्यावर आला.

हडपसर-वानवडीच्या माळावर लढाई झाली. सुरुवातीला होळकरांच्या घोडदळाचा एक भाग पुढे गेला आणि शिंदे-पेशव्यांच्या स्वारांनी त्याला मागे ढकललं. लाखेरीचीच पुनरावृत्ती होणार असं वाटत होतं. तेव्हा यशवंतराव स्वतः घोड्यावर बसला. ज्यांना जिंकायचं किंवा मरायचं नसेल त्यांनी आपल्या बायकापोरांकडे परत जावं, अशा अर्थाचं तो बोलला, असं ग्रँट डफने नोंदवलंय. आणि मग तो तोफांच्या तोंडापर्यंत गेला. गोलंदाज तोफांजवळच कापले गेले. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा कॅप्टन डॉज मारला गेला. यशवंतराव जखमी झाला, त्याच्या जवळ लढणारा त्याचा अधिकारी हार्डिंग मेला. पण मैदान होळकरांचं झालं.

म्हणजे काय, माझं सगळं गणित चुकलं? मी यावर बराच विचार केला. एक तर इथे जमीन उघडी होती. माळ, खिंड नव्हे. दुसरं, यशवंतराव लाखेरीतून शिकला होता. त्याच्याकडे आता स्वतःच्या कवायती पलटणी होत्या, आणि त्या दिवशी संख्येने शिंद्यांपेक्षा जास्त होत्या. आधी कितीतरी वेळ दोन्हीकडून तोफा चालल्या, पायदळ गुंतलं, आणि मग घोडा आत गेला. शिंद्यांकडे डी बॉयनच्या जुन्या कंपूतल्या फक्त चार पलटणी होत्या. त्याही मनापासून लढल्या, पण त्यांना आधार द्यायला दौलतराव स्वतः तिथे नव्हता, आणि बाजीराव तर तोफांचा आवाज ऐकून मागे फिरला होता. म्हणजे रीलमध्ये दिसतं ते शेवटचं मिनिट. त्याच्या आधीचे तास कॅमेऱ्यात येत नाहीत. आणि हो, धन्याने स्वतः पुढे जाणं हेही आहेच, ते मी नाकारत नाही. शिलेदाराला दिसलं की मालक स्वतःचा घोडा पणाला लावतोय, मग त्यानेही लावला.

बाय द वे, 25 ऑक्टोबर ही तारीख लक्षात ठेवा. बावन्न वर्षांनी याच तारखेला, 1854 मध्ये, क्रिमियात बालाक्लाव्हाला इंग्रजांचं हलकं घोडदळ रशियन तोफांवर समोरून गेलं आणि त्याची धूळधाण झाली. त्यावर इंग्रजांनी कविता केली, चित्रं काढली. आपल्याकडे लाखेरीवर कुणी कविता केलेली मी तरी वाचली नाही. आपण हरलो म्हणून नाही. हरवणारेही आपणच होतो, म्हणून.

बरं, हडपसर जिंकून काय मिळालं? बाजीराव पळाला. सिंहगड, तिथून कोकणात महाड, मग समुद्रमार्गे वसई. आणि 31 डिसेंबर 1802 ला वसईत त्याने इंग्रजांशी तह केला. पुढच्या मे महिन्यात इंग्रजांच्या फौजेने त्याला पुण्याच्या गादीवर परत नेऊन बसवलं. त्या सालापासून मुंबईहून निघालेलं कंपनीचं लष्करी सामान खाडीतून आपल्या पनवेल बंदरात उतरायचं आणि घाट चढून पुण्याकडे जायचं. आज एक्स्प्रेसवेने आपण ज्या बाजूने जातो, साधारण तीच वाट.

आणि सप्टेंबर 1803 मध्ये असईला वेलस्लीसमोर शिंदे आणि नागपूरकर भोसले उभे राहिले, तेव्हा होळकर आले नाहीत. बाजूला बसून बघत राहिले. लाखेरी, उज्जैनची लूट, मल्हारराव, विठोजी, हडपसर, एवढं सगळं मध्ये असताना ते कसे येणार होते? पुढच्या वर्षी होळकर एकटे लढले, तेव्हा शिंदे नव्हते.

प्रश्न घेऊ या? हां, मागून हात वर आहे.

[प्रश्न: लाखेरीला आता काही स्मारक आहे का? आणि घोडे मेलेल्या त्या शिलेदारांचं पुढे काय झालं?]

लाखेरीला मी गेलोय, एकदाच, कोट्याला काम होतं तेव्हा. स्टेशनच्या बाहेर चहावाल्याला विचारलं, इथे मराठ्यांची लढाई झाली होती ना? तो म्हणाला, सिमेंटच्या कारखान्याकडे जायचंय का? मला तरी काही स्मारक दिसलं नाही. पण वानवडीला शिंदे छत्री आहे, महादजींची. ती सगळ्यांना माहीत आहे, तिथे फोटो काढायला लोक जातात. हडपसरची लढाई त्याच भागात झाली. पुढच्या वेळी पुण्याला गेलात की छत्रीच्या आवारात उभं राहून पूर्वेकडे तोंड करा, होळकरांची फौज साधारण त्या बाजूने आली.

आणि दुसऱ्या प्रश्नाचं म्हणाल तर, नोकरी गेलेले, घोडा गेलेले, पगार थकलेले असे स्वार पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पेंढाऱ्यांमध्ये मोठ्या संख्येने सामील झाले. गावं लुटायला लागले. ज्या गावांतून ते आले होते, तशीच गावं. पेंढाऱ्यांवर एक वेगळा भाग करायचाय मला, तो पुढच्या महिन्यात करतो.

अजून कोणाचा प्रश्न? चहा आलाय वाटतं. मग चहा घेऊन बोलू, रेकॉर्डिंग इथे थांबवतो.